पहिल्या श्रेणीत पास झालेलं घर

आमचं घर पास झालं, ही खरी पंचाईत. नापास झालं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्याचं असं झालं. सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात आमचे चिरंजीव बोटीवर रुजू झाले. तो बोटीच्या इंजिनखोलीत काम करतो, आणि बोट कुणाच्या बाळासाठी थांबत नाही. घरात उरलो आम्ही तिघं. सूनबाईची आई ती लहान असतानाच गेली. वडिलांनी वाढवलेली मुलगी. कमी बोलते, हळू चालते, कपबशीसुद्धा आवाज न करता खाली ठेवते. माझी बायको प्रेमळ आहे, पण बाळंतपणाचा विषय निघाला की हात वर करते. "मला काही आठवत नाही बाई. एकच तर मूल, आणि तेही चालायला लागल्यापासून हे शाळेत घेऊन जायचे."

राहिलो मी. मी निवृत्त शिक्षक. नोकरीभर पहिलीचा वर्ग शिकवला. पाटीवर रेघा ओढणाऱ्या वयाच्या पुढचं मूल असेल तर मला काहीही विचारा. त्याच्या अलीकडचं मूल आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

अशात एक दिवस सूनबाई आरोग्य केंद्रातून तपासून आली आणि जेवताना पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "तिथं घरभेटीची सोय आहे. मी नाव दिलंय."

ही सोय अशी, की केंद्रातल्या एक ताई गरोदर बाईच्या घरी येतात, बसतात, बोलतात, काय हवं-नको ते बघतात, आणि बाळ चांगलं चालायला-बोलायला लागेपर्यंत येत राहतात. ताई मोजक्या आणि घरं पुष्कळ, म्हणून ज्या घराला जास्त गरज त्याचा नंबर आधी. पहिल्या भेटीला ताई घर बघणार आणि मग ठरवणार.

लग्न होऊन आल्यापासून सूनबाईनं आपणहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. ती तिला मिळालीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. इथवर माझं काही चुकलं नव्हतं, एवढं वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावं.

पण 'ताई घर बघायला येणार' हे ऐकलं आणि माझ्यातला शिक्षक ताडकन उठून उभा राहिला. कुणीतरी सरकारी माणूस वही घेऊन येणार, बघणार आणि ठरवणार, याला आमच्या भाषेत एकच नाव आहे: तपासणी. तपासणी म्हणजे काय, हे ज्यानं शाळेत नोकरी केली नाही त्याला समजायचं नाही. साहेबांच्या नजरेसमोर येईल ती भिंत रंगवायची. तक्ते टांगायचे. हुशार मुलं पुढच्या बाकांवर बसवायची, आणि 'नाव काय तुझं' असं विचारल्यावर ज्याला रडू फुटतं, त्याला त्या दिवशी घरी ताप आलेला असतो. प्रश्न कुठले येणार ते आधी ताडायचे, उत्तरं घोकून घ्यायची. माझ्या वर्गाच्या तपासणीत कधीही लाल शेरा आला नाही. तो आता म्हातारपणी, स्वतःच्या घरात येऊ देईन होय?

भिंतीपासून सुरुवात केली. रंगारी आला, त्यानं बाहेरच्या खोलीची एक भिंत रंगवली, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "मास्तर, आता बाकीच्या तीन मळक्या दिसायला लागल्या." गोष्ट खरी होती. चार भिंती झाल्यावर छत मळकं दिसायला लागलं. छतासाठी त्यानं दुपायी शिडी आणली. तिला ते लोक घोडा म्हणतात. हा घोडा आत घेताना दिव्याची नळी फुटली आणि बाहेर नेताना आरशाचा कोपरा गेला. सामान जिन्याच्या चौकात काढून ठेवलं होतं. ते बघून वरच्या मजल्यावरचे वकील खाली उतरले.

"मास्तर, हा सामाईक मार्ग आहे," ते म्हणाले. "यात अडथळा करणं म्हणजे शेजाऱ्यांच्या हक्कावर आक्रमण."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, वकीलसाहेब."

"सगळी आक्रमणं दोन दिवसांचीच असतात. पुस्तकांचं कपाट माझ्याकडे ठेवा. तडजोड म्हणून घेतो."

कपाट वर चढवताना चौघांची कंबर धरली. पुस्तकं मी स्वतः नेली, आणि वकिलांनी प्रत्येक खेपेला दार उघडून 'अजून आहेत?' असं विचारलं.

उरलेला हिरवा रंग वाया जाऊ नये म्हणून रंगाऱ्यानं न विचारता पाहुण्यांची खुर्चीही रंगवली. त्याबद्दल पुढे येईलच.

मग तक्ते. 'बाळाची वाढ' हा तक्ता मी स्वतःच्या हातानं काढला. शाळेत माझ्या तक्त्यांना मान होता. पण तिथं मी आंबा, विमान असले विषय हाताळत असे. बायकोनं चष्मा लावून तक्ता पाहिला आणि विचारलं, "हे बटाट्याचं चित्र कशाला लावलंय?"

"ते बाळ आहे."

"बरं. डोळे काढलेत का त्याला, का ते कोंब आहेत?"

कलेची कदर घरात होत नाही, हा अनुभव माझ्याआधी पुष्कळ थोरांना आलेला आहे. मी तक्ता लावलाच.

सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती सूनबाईवर. संभाव्य प्रश्नांचा संच काढला. मी खुर्चीत ताई होऊन बसायचो, ती समोर.

"भूक कशी लागते?"

"चांगली."

"शाबास. घरात काही ताण?"

"नाही."

"आवाज मोठा. झोप कशी लागते?"

ती थांबली. म्हणाली, "बाबा, खरं सांगू का? झोप नाही लागत मला."

आणि मी, ज्यानं आयुष्यभर लहान मुलांचं ऐकून घेतलं असं लोक समजतात, तो मी तिला समजावून म्हणालो, "बाळ, परीक्षेत ते लिहायचं नसतं. 'शांत लागते' म्हणायचं."

"शांत लागते," ती म्हणाली. मला ती तयारीची विद्यार्थिनी वाटली.

ताई आल्या त्या धापा टाकत. उंच, दणकट बाई. खांद्याला पिशवी, हातात छत्री, डोक्यावर चष्मा. "उशीर झाला. आधीच्या घरी बाळ झोपेना आणि पुढच्या घरी बाळ उठेना," असं म्हणून त्या मोठ्यानं हसल्या आणि सरळ हिरव्या खुर्चीत बसल्या. मला ओरडायचं होतं, पण तपासणीत आपण आधी बोलायचं नसतं.

समोरच्या मावशी 'वाटीभर साखर' मागायला म्हणून येऊन बसल्या होत्या. साखर घेऊनही त्या उठल्या नाहीत. वकील कपाटाबद्दल विचारायला आले आणि दारातच टेकले. सूनबाई पुढच्या बाकावर, म्हणजे दिवाणावर बसली होती.

"कसं वाटतंय?" ताईंनी तिला विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो.

"जेवण जातं ना?"

"दोन्ही वेळा, आणि मध्ये फळं," बायको म्हणाली. हा तिचा ठरलेला प्रश्न होता.

"घरात भांडणतंटा?"

"कुठलाही वाद प्रलंबित नाही," दारातून वकील म्हणाले.

"आणि मदतीला कुणी?"

"आम्ही काय मेलोत?" मावशी म्हणाल्या. "हाक मारायची खोटी, हजर."

"झोप?"

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. हे तिचं उत्तर होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शांत लागते."

माझे डोळे भरून आले. असं उत्तर, असा उच्चार. ताईंनी भिंतींकडे पाहिलं, बटाट्याच्या, म्हणजे बाळाच्या तक्त्याकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि वही मिटली. "भाग्यवान आहेस गं. अशी माणसं सगळ्यांना मिळत नाहीत." त्या उठल्या तेव्हा खुर्चीही थोडी उठली, मग सुटली. त्यांच्या पाठीवर खुर्चीच्या पट्ट्या हिरव्यागार उमटल्या होत्या. हे त्यांना कुणी सांगावं, यावर आमची नुसती नजरानजर चालू असतानाच त्या जिना उतरून गेल्याही. छत्री मात्र विसरल्या. मी धावत नेऊन दिली आणि पाठीबद्दल काही बोललो नाही.

आठवड्यानं केंद्राचा निरोप आला. घर उत्तम स्थितीत आहे, कुटुंबाचा आधार भरपूर आहे, सबब पुढील भेटींची आवश्यकता नाही. ही जागा अधिक गरजू कुटुंबाला देण्यात येत आहे.

मी आनंदानं निरोप मोठ्यानं वाचला. दोनदा. 'उत्तम' या शब्दावर थांबलो. मावशींना हाक मारली, वकिलांना वरून बोलावलं, घरात होती नव्हती ती बिस्किटं वाटली. वकील म्हणाले, "निकाल एकतर्फी लागला." आणि या सगळ्या गोंधळात मी आतल्या खोलीत डोकावलो, तर सूनबाई टॉवेलाची घडी घालत होती. घडी घातली, मोडली, परत घातली, परत मोडली. तोच टॉवेल.

बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही तिला पास केलंत. तिला ताई हव्या होत्या."

हातातलं बिस्कीट मी खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो. एवढी वर्षं एकाच भागात शिकवल्यावर कुठल्याही कचेरीत आपला एखादा विद्यार्थी निघतो आणि 'सर, बसा' म्हणतो, असा माझा समज आहे. मी खिडकीतल्या माणसाकडे आशेनं पाहिलं. नेमका तो दुसऱ्या शाळेतला निघाला.

"काय तक्रार?"

"आमचं घर पास झालं."

"मग?"

"नापास करायचं आहे."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "काका, लोक इथं उलटं सांगायला येतात."

"मला कल्पना आहे."

"नापास करायला कारण लागतं. घर गळतं का?"

"नाही. नुकताच रंग दिलाय."

"भांडणं?"

"आहेत, पण सभ्य."

"मुलीचा नवरा पितो?"

"तो बोटीवर असतो."

"बोटीवर पितो?"

"विचारून सांगतो."

खिडकीतल्या माणसाला माझी दया आली असावी. माझ्यामागे रांग वाढत होती आणि एक बाई कडेवरच्या बाळाला 'बघ, आजोबांना नापास व्हायचंय' असं सांगत होती. मी नोकरीभर मुलं पास व्हावीत म्हणून जिवाचं रान केलं. अशा मानी माणसाला भर रांगेत नापासाचा अर्ज करावा लागावा, यापरती नामुष्की नाही. "फेरभेट लिहितो," तो म्हणाला. "ताई परत येतील. कधी ते सांगत नाहीत. पण काका, तेव्हाही घर असंच उत्तम दिसलं तर मग माझ्याकडे येऊ नका."

आता खरं बघा, या टप्प्यावर एखाद्या शहाण्या माणसानं सूनबाईला एवढंच सांगितलं असतं, की ताई आल्या की मनात असेल ते बोल. पण शिक्षकाला तयारीशिवाय वर्गात जाता येत नाही. पास व्हायची तयारी असते तशी नापास व्हायचीही असते, असं मला वाटलं. शिवाय सल्ला द्यायला माणसं होतीच.

"घर पार उकिरडा करून टाका," मावशी म्हणाल्या. "आमच्या मोलकरणीनं दांडी मारली की कसं होतं, तसं."

"दैन्य दाखवा, पण लेखी काही देऊ नका," वकील म्हणाले. "आणि कपाट परत आणा. मोडकं आहे, त्याचा प्रभाव पडेल." कपाट मोडलं ते त्यांच्याकडे चढवतानाच, हे मी बोललो नाही. त्यांनी सोबत स्वतःच्या दोन तुटक्या खुर्च्याही पाठवल्या, पुरावा म्हणून.

अडचण आली ती घरातूनच. बायको म्हणाली, "माझ्या घरात पसारा? मी गेल्यावर करा." मी पुढच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं पसरवून आतल्या खोलीत जायचो, परत येईपर्यंत ती त्यांचा गठ्ठा बांधून ठेवायची. मी खिडकीला ओले कपडे टांगायचो, ती ते वाळवून, घडी करून कपाटात ठेवायची. ताई कधी येणार हे माहीत नसल्यामुळे हे युद्ध रोज सकाळपासून चालायचं. आमचं घर त्या दिवसांत इतकं स्वच्छ झालं की विचारू नका.

शेवटी मी ठरवलं, घर हातात नाही, निदान स्वतः तरी नापास व्हावं. घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा असला की घर आपोआप गरजू होतं. जुना सदरा काढला, दाढी वाढवली, दिवाणावर पांघरूण घेऊन कण्हण्याचा सराव केला. मावशींनी कण्हणं ऐकून सुधारणा सुचवल्या: "एवढं सुरात नको. मध्येच थांबायचं, मग एकदम."

सूनबाई हे सगळं बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ती मला दिसत नव्हती असं नाही. पण मी ती आपल्या तयारीच्या बाजूला जमा धरत होतो.

ताई आल्या. जिन्यावर त्यांच्या धापा ऐकू आल्याबरोबर मी दिवाणावर झेप घेतली आणि पांघरूण ओढलं. त्या झेपेनं मला खरोखरच धाप लागली. ताई आत आल्या, खुर्चीवर आधी बोट टेकवून पाहिलं, मगच बसल्या. आणि माझ्याकडे लक्ष जाताच परत उठल्या.

"आजोबांना काय झालं?"

"आ... ई," मी म्हणालो. मध्येच थांबलो. मग एकदम, "गं."

त्यांनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा आवळला. आता, जो माणूस झेप घेऊन आडवा पडला आहे, ज्याचं आयुष्यातलं पहिलं नाटक चालू आहे आणि ज्याची बायको दारात कपाळाला हात लावून उभी आहे, त्याचा रक्तदाब किती असेल? ताईंचा चेहरा बदलला.

"केव्हापासून आहे हे? छातीत दुखतंय का? हात जड वाटतोय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून मावशी म्हणाल्या, "केव्हापासून म्हणजे काय, कण्हताहेत बिचारे आठवडाभर." आणि वकील म्हणाले, "रुग्णवाहिका बोलावतो," आणि खरोखरच फोन लावायला वर धावले. ताईंनी माझ्या उशा काढल्या, पाय उंच केले, सदऱ्याची गुंडी सोडली. खोलीतली सगळी माणसं माझ्याभोवती. ज्या मुलीसाठी त्या बाई तीन मजले चढून आल्या होत्या, ती एकटी भिंतीला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून. पायाखालच्या उशीवरून मला ती दिसत होती.

"ताई," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

"ताई," ती मोठ्यानं म्हणाली, इतक्या मोठ्यानं की जिन्यावर वकिलांचे पाय थांबले. "बाबांना काही झालेलं नाही. ते बरे आहेत. मला झालंय."

ताईंनी माझा हात सोडला आणि त्या तिच्याकडे वळल्या.

"मला झोप लागत नाही. डोळा लागला की दचकून उठते. बाळ झालं की त्याला धरायचं कसं, हे मला कुणी दाखवलेलं नाही. ते रडलं तर काय करायचं, मला माहीत नाही. माझी आई असती तर तिला विचारलं असतं. आणि इथं सगळे इतके चांगले आहेत, इतके माझ्यासाठी धावताहेत, की यांना कसं सांगू, मला भीती वाटते म्हणून?" तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही जरा बाहेर जाता का? सगळेच जरा जाता का?"

अंथरुणाला खिळलेला म्हातारा उठला, चपला घातल्या आणि चालत बाहेर गेला. दंडाला रक्तदाबाचा पट्टा तसाच होता. नळीला लटकलेला रबरी फुगा मी हातात धरून नेला.

शिकवण्याच्या सगळ्या काळात मी एकाही मुलाला वर्गाबाहेर उभं केलं नाही, याचा मला अभिमान आहे. बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे मात्र त्यामुळे मला माहीत नव्हतं. जिन्याच्या चौकात मी पहिल्या पायरीवर बसलो. शेजारी मावशी, वरच्या पायरीवर वकील, आणि कडेला बायको, ती पदरानं कठड्याची धूळ पुसत होती.

"अपील करता येईल," थोड्या वेळानं वकील म्हणाले.

"गप्प बसा हो," मावशी म्हणाल्या.

आतून रडण्याचा आवाज आला. मी उठलो. बायकोनं सदरा धरून परत बसवलं. "असू द्या. रडू द्या तिला. इतके दिवस आपण तिला रडायला वेळच दिला नाही." मग पुष्कळ वेळ काही ऐकू आलं नाही. मग ताईंचं ते दणदणीत हसू, आणि त्याच्यामागून दुसरं एक हसू, बारीक, नाकातून आल्यासारखं. मुलगा बोटीवर गेल्यापासून ते आम्ही ऐकलं नव्हतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि कठडा पुसणं थांबवलं. कुठल्याही निकालाच्या दिवशी मला इतका आनंद झाला नसेल.

खाली रुग्णवाहिका आली होती. तिला वकिलांनी परत पाठवलं. त्यासाठी त्यांना बराच युक्तिवाद करावा लागला.

ताई निघाल्या, दंडाचा पट्टा सोडवून घेतला आणि छत्री विसरल्या. मी छत्री घेऊन खाली धावलो, म्हणजे जमेल तसा उतरलो.

"ताई, आम्ही नापास झालो ना?"

"आजोबा, मी परीक्षा घ्यायला येत नाही हो. मी येते, बसते, बोलते आणि जाते." मग छत्री काखेत मारत त्या म्हणाल्या, "पण खरं सांगायचं तर मागच्या खेपेला मीही फसले. पुढच्या घरी जायची घाई. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघत बसले. सुरेख रंग दिला होता तुम्ही. माझ्या साडीवर अजून आहे."

मी त्या साडीबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "राहू दे, ओळख राहिली. दर पंधरवड्याला येईन. तुम्ही काही तयारी करू नका."

तेव्हापासून त्या येत राहिल्या. त्या आल्या की मी आपणहून पायरीवर जाऊन बसू लागलो. येणारे-जाणारे विचारायचे, "मास्तर, बाहेर का?" मी सांगायचो, "आत वर्ग चालू आहे." बायकोला आत प्रवेश मिळाला, ताईंनी आणलेल्या कापडाच्या बाहुलीला अंघोळ घालताना तिला एकेक आठवायला लागलं, आणि बाहेर येऊन ती मला सांगायची, "मान अशी धरायची, बरं का. मला येत होतं हो सगळं." मावशींनीही साखर मागायचं निमित्त सोडून खरीखुरी मदत सुरू केली. सूनबाईची झोप काही एका दिवसात आली नाही. पण एका दुपारी मी घरात शिरलो तर ती दिवाणावर, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत होती. बायकोनं आणि मी संध्याकाळपर्यंतची वेळ आतल्या खोलीत खुणांनी बोलून काढली.

मुलगी झाली. बोटीवरून फोन आला, तेव्हा मुलगा रडत होता की मागं इंजिन धडधडत होतं, ते कळलं नाही. पहिले काही दिवस कठीण गेले. बाळ नीट पिईना, वजन वाढेना, सूनबाईचा चेहरा परत टॉवेलाच्या घडीसारखा होऊ लागला. तिनं स्वतः केंद्रात फोन केला. ताई त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा आल्या, ठरलेला वार नसतानाही. मी पायरीवर बसून आतलं रडणं ऐकायचो, आणि एक दिवस रडणं थांबून चुटुचुटु पिण्याचा आवाज आला. तो दाराबाहेर ऐकू येणं शक्य नाही असं वकील म्हणतात. मला आला.

आणि मग गेल्या आठवड्यात, मी नेहमीप्रमाणे पायरीवर असताना, दार उघडलं. दारात सूनबाई होती.

"बाबा, आत या."

मी मागे पाहिलं. मलाच म्हणाली होती.

आत ताई हसत होत्या. "आजोबा, बाळाशी आता रोज कुणीतरी बोलायला पाहिजे. समोर धरायचं आणि बोलत राहायचं, काय वाटेल ते. तिला काही समजत नाही असं वाटेल, पण सगळं आत जातं. मी हिला विचारलं, असं न कंटाळता बोलणारं घरात आहे का कुणी?"

"मी म्हटलं, आहेत एक," सूनबाई म्हणाली. "बाहेर बसलेत."

तिनं बाळ माझ्या हातात दिलं. मान अशी धरायची, हे बायकोनं आधीच शिकवलं होतं. ते एवढंसं तोंड माझ्याकडे बघत होतं, पहिलीतली नवी मुलं पहिल्या दिवशी बघतात तसं: हा कोण, आणि हा आता काय करणार?  आणि आयुष्यभर बडबड केलेल्या मला एक शब्द सुचेना.

"बोला ना, बाबा," सूनबाई म्हणाली. "तयारी नाही झाली का?"

मी घसा साफ केला. माझ्याकडे जुना प्रश्नसंच होता, त्यातलाच एक काढला.

"झोप कशी लागते?" मी विचारलं.

पोरीनं क्षणभर विचार केला, ओठ काढला आणि असं भोकाड पसरलं की वरून वकिलांनी 'काय झालं' म्हणून हाक मारली.

पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.